कॉलम ए, कॉलम बी

विद्यापीठात असताना सव्वा वर्ष मी एक कन्फेशन पेज, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनातलं निनावी छापणारं पेज, चालवत होते. हे आजवर मी मोजून चार माणसांना सांगितलंय, आणि त्यातली दोघं माझ्यासोबत तेच पेज चालवायची.

व्यवस्था अगदी साधी होती. एक गूगल फॉर्म. त्यात एकच प्रश्न, "मनात काय आहे?", आणि खाली लिहायला मोठा चौकोन. नाव विचारायचं नाही, ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद. कोणी लिहून पाठवलं की ते गूगल शीटमध्ये येऊन पडायचं. कॉलम ए मध्ये तारीख आणि वेळ, सेकंदासकट. कॉलम बी मध्ये मजकूर. रात्री जेवणं आटपली की आम्ही तिघं शीट उघडून बसायचो. छापायचं ते हिरवं, उद्यावर ढकलायचं ते पिवळं, नको ते लाल. हिरव्याला नंबर पडायचा आणि ते पेजवर जायचं.

लाल व्हायला फार काही लागायचं नाही. शिवी असेल तर लाल. फार लांबलं तर लाल. कोणी उपदेश करायला लागलं की लाल. रटाळ असलं तरी लालच. शिवी छापायची नाही आणि कोणाचं पूर्ण नाव छापायचं नाही, एवढे दोन नियम आम्ही काटेकोर पाळायचो. त्यामुळे आपण जबाबदार माणसं आहोत असं आम्हाला मनापासून वाटायचं.

पेज वाईटच होतं असंही नाही. एका मुलाने दोन सेमिस्टर नापास झाल्याचं घरी सांगितलं नव्हतं. त्याने ते फॉर्ममध्ये लिहिलं आणि खाली अनोळखी लोकांनी स्वतःच्या बॅकलॉगचे किस्से सांगून त्याला अक्षरशः उचलून धरलं. हरवलेली आयकार्डं सापडली. मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर यांचा 2004 चा एक निबंध मी बऱ्याच वर्षांनी वाचला. पडद्याआड गेलं की माणसाची भीड चेपते आणि त्याची दोन टोकं असतात, असं त्यात म्हटलंय. त्याच मोकळेपणाने माणूस आपलं दुःख सांगतो, आणि त्याच मोकळेपणाने दुसऱ्याचे लचके तोडतो. आमच्या शीटमध्ये ही दोन्ही टोकं एकाखाली एक असायची. चौसष्टाव्या ओळीत एकाने आईच्या आजारपणाबद्दल लिहिलेलं, पासष्टाव्या ओळीत कोणाच्या तरी दातांची थट्टा.

तर, ती.

तिच्याबद्दलची पहिली नोंद क्रशची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमधली, निळी बॅग घेऊन फिरणारी, कोणाकडे न बघता चालणारी मुलगी फार आवडते, वगैरे. हिरवी. नाव कुठे होतं? पाच मिनिटांत कमेंटमध्ये तिच्या वर्गातल्या तिघांनी तिला टॅग केलं. आमचा नियम शाबूत, तिची ओळख उघडी. नाव न छापता इशारा द्यायचा आणि बाकीचं काम वाचणाऱ्यांवर सोपवायचं, हीच पेजची खरी करमणूक होती हे आता कळतं. 'ओळखा पाहू' म्हटलं की पेज वाचणारी नऊ हजार माणसं कामाला लागतात.

दुसरी नोंद आठवड्याभरात आली. निळ्या बॅगवालीला एवढा माज कशाचा? मग तिसरी. मग एक अशी आली की तिला गाइडकडून मार्क कसे मिळतात हे सगळ्या डिपार्टमेंटला ठाऊक आहे, फक्त कोणी बोलत नाही.

ती हिरवी मी केली. मीच. दुसऱ्या अ‍ॅडमिनने विचारलं होतं, "ही जाऊ दे का?" मी म्हटलं, "शिवी कुठेय त्यात?" नव्हतीच शिवी. मुलीच्या चारित्र्याबद्दल बोलायला मराठीत शिवीची गरजच पडत नाही, 'सगळ्यांना ठाऊक आहे' एवढं पुरतं. त्या पोस्टला त्या महिन्यातले सगळ्यात जास्त लाइक मिळाले. ते आकडे मी दिवसभर बघत होते, लेक्चरमध्येसुद्धा.

वर्गाचा शिक्षक नसलेला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, तसा तिच्याही वर्गाचा होता. तिथे तिच्या आयकार्डावरच्या फोटोचे स्टिकर झाले. तिने ग्रुपवर असाइनमेंटची तारीख विचारली की उत्तरादाखल तिचंच स्टिकर यायचं. हे मला त्या वर्गातल्या एका मैत्रिणीने हसत हसत दाखवलं आणि मीही हसले. फार नाही, जेवढं हसणं सोबत राहायला लागतं तेवढं.

एका रात्री बाकीचे दोघं लवकर झोपले आणि शीट मी एकटीच चाळत होते. निळ्या बॅगवालीबद्दल तोवर नऊ नोंदी जमल्या होत्या. त्या दिवशीच्या तीन होत्या, आणि सहज नजर कॉलम ए कडे गेली. 1:52. 1:54. 1:57. तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारख्या होत्या. एक मुलगा म्हणून, एक मुलगी म्हणून, आणि एक 'मी तिची ज्युनिअर आहे' म्हणून. पण तिन्हींमध्ये प्रश्नचिन्हाच्या आधी एक मोकळी जागा सोडलेली. कोण समजते स्वतःला ? असं. मी मागच्या नोंदी काढून पाहिल्या. नऊपैकी सातांमध्ये तीच मोकळी जागा, तीच दीड ते दोनची वेळ.

म्हणजे पेजवर जे 'सगळे' बोलत होते ते मुख्यतः एकच माणूस होतं. नऊ हजार लोकांसमोर आवाज बदलून बदलून बोलणारं. आणि आम्ही त्याला दर वेळी नवा नंबर देत होतो.

हे कळल्यावर मी काय केलं? काही नाही. दुसऱ्या दिवशी त्या तीन नोंदींपैकी एक पेजवर गेली. बाकीच्या दोन पिवळ्या करून पुढच्या दोन दिवसांसाठी ठेवल्या.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पेजच्या इनबॉक्समध्ये तिचा मेसेज आला. मला वाटलं होतं पोस्ट काढा म्हणेल, नाहीतर भांडेल. तिने एवढंच विचारलं होतं, "हे लिहिणारे एकूण किती जण आहेत?"

मी उत्तर दिलं, "फॉर्म अ‍ॅनॉनिमस आहे, आम्हाला काही कळत नाही." खाली हात जोडल्याची इमोजी.

ती माझ्याच इमारतीत होती. जिन्यात समोरून यायची तेव्हा लक्षात आलं होतं की तिने बॅग बदलली आहे.

यातलं मला सगळ्यात टोचतं ते बॅग बदलणं. एखादा माणूस तोंडावर बोलला तर आपल्याला कळतं की हा एक, याच्यापासून लांब राहायचं. इथे मेसमध्ये, लॅबमध्ये, लायब्ररीच्या रांगेत समोर येणारा प्रत्येक जण 'तो' असू शकतो. पाठीमागे कोणी सहज हसलं तरी ते आपल्यावरच. विद्यापीठ हे तसं लहान गाव असतं. पळून जायचं म्हटलं तरी चार वाजता प्रॅक्टिकल असतंच, आणि ज्याने रात्री दीडला लिहिलं तोच कदाचित शेजारच्या टेबलावर असतो. बाहेरच्या ट्रोलला ब्लॉक करता येतं. लॅब पार्टनरला कसं करायचं?

अपराधी वाटायला लागलं की मी वाचत बसते, ही माझी जुनी पळवाट आहे. वाचताना कळलं की आम्ही काहीच नवीन केलेलं नव्हतं. ऑक्टोबर 2003 मध्ये हार्वर्डमध्ये दुसऱ्या वर्षाला असलेल्या मार्क झुकरबर्गने वसतिगृहांच्या ऑनलाइन यादीतून विद्यार्थ्यांचे फोटो न विचारता उचलले. ते दोन-दोन शेजारी ठेवून 'कोण जास्त आकर्षक' असं मत मागणारी 'फेसमॅश' नावाची साइट त्याने काढली. पहिल्या काही तासांत 450 माणसं आली आणि त्यांनी 22,000 वेळा फोटो पाहिले. विद्यार्थी संघटना चिडल्या, साइट बंद झाली, माफी मागून झाली. तीन-चार महिन्यांनी फेसबुक सुरू झालं.

मग 2007 मध्ये 'ज्युसीकॅम्पस' आलं. ड्यूक विद्यापीठातून पदवी घेतलेल्या मॅट आयव्हेस्टरने ते काढलं. एकेका कॉलेजच्या नावाखाली कोणीही कोणाबद्दल निनावी काहीही लिहावं, इतकं सरळ. फेब्रुवारी 2009 मध्ये ते बंद पडलं. तेव्हा कारण दिलं गेलं जाहिरातींच्या पैशांचं, पश्चात्तापाचं नाही. पुढे याच माणसाने विद्यार्थ्यांनी ऑनलाइन कसं वागावं यावर पुस्तक लिहिलं. लोक त्यावर हसले असतील. मला हसू आलं नाही, कारण हा ब्लॉग लिहिणारी मी वेगळं काय करतेय?

2013 चं 'यिक याक' हे अ‍ॅप मला सगळ्यात जवळचं वाटतं. आसपासच्या काही किलोमीटरमधल्याच निनावी पोस्ट त्यात दिसायच्या, त्यामुळे ते कॅम्पसवर वणव्यासारखं पसरलं. त्यात एक सोय होती. पोस्टची मतं उणे पाचवर गेली की ती आपोआप गायब. म्हणजे कागदोपत्री गर्दीच्याच हातात लाल रंग दिलेला होता. गर्दीला तो फारसा वापरावासा वाटला नाही, एवढंच. 2016 मध्ये कंपनीने टोपणनाव सक्तीचं केलं तर लोक निघून गेले, आणि 2017 मध्ये ते बंद झालं. 2021 मध्ये ते परत आलं.

हे सगळं ऐकवलं की समोरचा म्हणतो, मग निनावीपणावरच बंदी घाला ना. मलाही आधी तसंच वाटायचं. दक्षिण कोरियाने 2007 मध्ये मोठ्या साइटवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवायची सक्ती केली होती. 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. दरम्यान 2011 मध्ये एका मोठ्या हॅकिंगमध्ये साडेतीन कोटी लोकांची माहिती मात्र बाहेर गेली. आणि 2010 मध्ये रटगर्स विद्यापीठात टायलर क्लेमेंटी या पहिल्या वर्षाच्या मुलावर त्याच्याच रूममेटने वेबकॅम रोखला तेव्हा ते त्या रूममेटने लपवलंही नव्हतं. स्वतःच्या ट्विटर खात्यावरून जाहीर केलं होतं. काही दिवसांत टायलर हे जग सोडून गेला. त्याबद्दल मी इथे याहून जास्त लिहिणार नाही.

स्टिकर करणाऱ्यांचीही नावं ग्रुपमध्ये दिसतच होती. नंबरासकट. लाज वाटायला नाव पुरत नाही. बघणारे हसत नाहीयेत हे दिसावं लागतं.

आमच्या पेजचं पुढे असं झालं की परीक्षा जवळ आल्या, तिसरा अ‍ॅडमिन कंटाळला, आणि माझं मन खायला लागलं. एका दुपारी मी पेजच डिलीट करून टाकलं. सगळ्या पोस्ट, कमेंट, लाइक, इनबॉक्स, सगळं. त्या रात्री मला शांत झोप लागली. प्रायश्चित्त घेतल्यासारखं वाटलं होतं.

आता मी दुसऱ्या एका विद्यापीठात शिकवते. माझ्याकडे विद्यार्थी मोबाइल घेऊन येतात. कोणी सांगितलंय त्यांना की मॅडमना यातलं कळतं. कसं कळतं ते कोणी विचारत नाही. मागच्या सत्रात एक मुलगी आली होती. दोनशे स्क्रीनशॉट, आणि जवळजवळ सगळे कापलेले. फक्त अपमानाची ओळ ठेवलेली, वरचं नाव, वेळ, ग्रुप काहीच नाही. असंच होतं. माणूस जखमेचा फोटो काढतो, सुरी कुठे पडली ते टिपत नाही. तिला सांगितलं की आता नवीन काही आलं तर पूर्ण स्क्रीन घे, तारीख दिसू दे. प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करून ठेव, कारण दिसणारं नाव उद्या बदलतं. चॅट डिलीट करायच्या आधी एक्स्पोर्ट करून स्वतःलाच मेल कर. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केलंस तर त्या माणसाकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, म्हणून रिपोर्ट वेळेवर कर, चार दिवसांच्या गप्पांनंतर नको. आणि हे सगळं तू स्वतः करू नकोस, मैत्रिणीच्या हातात फोन दे. तीच दोनशे वाक्यं परत वाचत बसायची काय गरज आहे?

खासगी फोटोंचं प्रकरण असेल तर 'स्टॉप-एनसीआयआय' नावाची सोय आहे, 2021 च्या डिसेंबरपासून. आपला फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक आकड्या-अक्षरांचा ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारे फोटो त्यांच्याकडे शोधून रोखू शकतात. हे मुलांना माहीतच नसतं. त्यांना फक्त 'सायबरवाल्यांकडे जा' एवढं सांगितलं जातं, आणि तिथे आईवडिलांना बोलावतील या धास्तीने ती जात नाहीत.

आमच्या लोकांचं, म्हणजे शिक्षकांचं, ठरलेलं वाक्य आहे: "इग्नोर कर." त्याच्या जोडीला "कोण लिहितंय ते नाव आण, मग बघू." निनावी छळाच्या तक्रारीला नाव मागणं म्हणजे बुडणाऱ्याला पाण्याची खोली विचारण्यासारखं आहे. मी मीटिंगमध्ये हे बोलले तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." घेते खरं.

त्या मुलीच्या कापलेल्या स्क्रीनशॉटनंतर मला रोज निळी बॅग आठवायला लागली. शेवटी तिला शोधलं, ईमेल मिळवला आणि लिहिलं. सहा-सात वेळा खोडलं. मी कोण होते ते सांगितलं. कॉलम ए सांगितला, प्रश्नचिन्हाआधीची मोकळी जागा सांगितली. तू विचारलं होतंस किती जण आहेत, तर खरं उत्तर असं की बहुतेक एकच होता, फार तर दोघं-तिघं. मला तेव्हा माहीत होतं आणि मी खोटं बोलले. एवढ्या वर्षांनी का होईना, तिला हलकं वाटेल असं मला वाटत होतं. हेही लिहून ठेवते, म्हणजे मी किती पाण्यात आहे ते दिसेल.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. तिने लिहिलं होतं की लिहिणारा कोण आहे हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही प्रश्नचिन्हाआधी मोकळी जागा असायची. "मी लाइक करणाऱ्यांबद्दल विचारत होते. त्यात माझ्या मैत्रिणी किती आहेत ते मोजत होते. नंतरचे माझ्याने मोजवले नाहीत, म्हणून तुम्हाला विचारलं."

पुढे आणखी एक परिच्छेद होता. तिने तेव्हा तक्रार केली होती. समितीने लिंक मागितल्या. तिने दिल्या. सुनावणीच्या दिवशी त्यांनी संगणकावर लिंक उघडल्या तर 'हे पेज उपलब्ध नाही.' समितीतल्या कोणीतरी विचारलं की असं पेज होतं याला पुरावा काय. तारीख तिने दिली होती. माझ्या शांत झोपेनंतरचा तिसरा दिवस.

शेवटी तिने विचारलं होतं की ती शीट अजून आहे का.

होती. माझ्या ड्राइव्हवर, तशीच. सगळी शीट देणं बरोबर नव्हतं, त्यात बाकीच्यांच्या आया आणि बॅकलॉग होते. म्हणून शोधात 'निळ्या' टाकलं आणि सापडतील त्या ओळी नव्या फाइलमध्ये उतरवल्या, रंगांसकट, वेळेसकट. चौदा ओळी झाल्या. उतरवताना वाचल्या नाहीत, धीर झाला नाही. तिला पाठवून दिल्या.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन वाक्यांचं. "बाराव्या ओळीतलं मी लिहिलं होतं. ती लाल का आहे?"

मी फाइल उघडली. बारावी ओळ. कॉलम ए, पहाटेचे 3:41, तिच्या इनबॉक्स मेसेजनंतरची दुसरी रात्र. कॉलम बी: "निळ्या बॅगवाली मुलगी हे सगळं वाचते. आता बास करा."

लाल म्हणजे काय ते तिला अजून कळवलेलं नाही.